पांढऱ्या पेशींचा पहिला नंबर

आमच्या तापीतरंग सोसायटीत रहिवाशांची प्रतिकारशक्ती किती आहे याची कोणतीही अधिकृत नोंद उपलब्ध नाही, ही गंभीर बाब कार्यकारी समितीच्या सप्टेंबरच्या बैठकीत प्रथमच निदर्शनास आली. पाण्याच्या टाक्यांची नोंद होती. पार्किंगमधल्या कुत्र्यांची, रंगासह, नोंद होती. कोणाच्या बाल्कनीतलं पाणी कोणाच्या बाल्कनीत गळतं याची तर फोटो लावलेली जाडजूड फाइल होती. प्रतिकारशक्तीचा मात्र एक कागद नव्हता. सेक्रेटरी पिनाकीनभाई घीवाला यांनी हे वाचून दाखवलं तेव्हा सभागृहात, म्हणजे टेबल टेनिसच्या खोलीत, सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले.

पिनाकीनभाई सुताचे व्यापारी. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन त्यांचे डोळे मोबाइलवरच्या शेअरबाजाराला चिकटलेले असतात. वर तोंड केलेला बाण दिसला की ते बायकोला प्रेमाने हाक मारतात आणि खाली तोंड केलेला दिसला की त्यांना अ‍ॅसिडिटी होते. सबंध सुरत थोडीफार अशीच आहे, त्यामुळे त्यांनाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. वर गेलेलं ते चांगलं, हे आमच्याकडे मूल पाळण्यात असतानाच शिकतं.

बैठकीत सगळ्यांचं रक्त तपासून घ्यायचं ठरलं होतं, त्याप्रमाणे रविवारी सकाळी 'अभेद्य लॅबोरेटरी'ची गाडी आली आणि पार्किंगमध्ये टेबलं लागली. पॅकेजचं नाव 'कवच', तपासण्या बासष्ट. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. रविवारी सकाळी सुरतच्या दोनशे बारा माणसांना उपाशी उभं करणं हे कोणत्याही सरकारला जमलेलं नाही, पण लॅबोरेटरीने रांगेच्या टोकाला गरमागरम लोचोची गाडी उभी केली होती. वाफाळलेलं पीठ, वर तेल, वर शेव, कांदा. रक्त द्या आणि खा. लोकांनी दंड उघडे टाकून धावत जाऊन रक्त दिलं.

मी तेव्हा उजव्या कुशीवर हात ठेवून रांगेत होतो. शुक्रवारपासून बेंबीपाशी दुखत होतं आणि ते हळूहळू खाली उजवीकडे सरकलं होतं. त्याचं खापर मी आदल्या आठवड्याच्या लोचोवर फोडलं आणि या आठवड्याचा दोन प्लेट घेतला.

सोमवारी सगळ्यांचे रिपोर्ट एकदमच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले. खाजगी वगैरे काही नाही, पारदर्शक कारभार. प्रत्येक ओळीत तपासणीचं नाव, आकडा, आकड्याची योग्य मर्यादा आणि आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर बाण. माझ्या पांढऱ्या पेशी होत्या तेरा हजार आठशे. मर्यादा, चार हजार ते अकरा हजार. शेजारी वर तोंड केलेला ठसठशीत काळा बाण.

पाचव्या मिनिटाला पिनाकीनभाईंचा फोन आला.

"ठाकोरभाई, अप्पर सर्किट मारलंत तुम्ही."

"कशात?"

"पांढऱ्या पेशींत. रोगाशी लढणारे सैनिक हो. सगळ्यांचे सहा हजार, सात हजार. तुमचे तेरा आठशे. दोनशे बारा माणसांत पहिले आहात तुम्ही."

आता माझंही थोडं ऐका. मी ठाकोरभाई जरीवाला, वय एकसष्ट. चौतीस वर्षं पांडेसऱ्याच्या साडी मिलमध्ये कापड मोजलं. शाळेत माझा नंबर चौदावा. लग्नाच्या वेळी मी मधुकांताच्या वडिलांची तिसरी पसंती होतो, पहिल्या दोघांनी नकार दिला म्हणून आमचा संसार झाला. मिलमधल्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणभर माझं नाव अमृतभाई घेतलं. अशा माणसाला कोणी 'पहिले' म्हटलं तर त्याला पोटात काय दुखतंय ते आठवत नाही. मला रडू आलं, खरंच सांगतो.

दुसरा नंबर चौथ्या मजल्यावरच्या कोकिळाबेनचा. त्या बारा महिने शिंकतात, फोडणीला शिंकतात, अगरबत्तीला शिंकतात. त्यांच्या रक्तात आयजीई नावाचं काहीतरी शंभरच्या आत असायला हवं होतं, ते अठराशे निघालं. तिसऱ्या ललिताबा. सांधे सुजून त्यांच्या बोटांना चमचा धरवत नाही, पण त्यांचा ईएसआर नावाचा आकडा, जो वीस-तीसच्या आत असायचा, तो शहाण्णव होता. चार गुणांनी शतक हुकल्याबद्दल सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.

पाचव्या मजल्यावरच्या सुकेतुभाईंची मात्र वाईट अवस्था झाली. पहाटे सात किलोमीटर चालणारा, ज्वारीचा रोटला खाणारा, आयुष्यात विडी-तंबाखूला न शिवलेला माणूस. बासष्टच्या बासष्ट तपासण्या मर्यादेत. संपूर्ण रिपोर्टात एकही बाण नाही. त्यांच्या बायकोने ग्रुपवर 'काहीतरी चूक झाली असेल' असं लिहिलं आणि रडणारा चेहरा टाकला.

बुधवारी परिपत्रक क्रमांक एक्केचाळीस निघालं. ज्यांचे आकडे मर्यादेच्या वर ते 'सुवर्णपत्रधारक'. मर्यादेच्या आत ते 'सर्वसाधारण'. मर्यादेच्या खाली ते 'निरीक्षणाधीन'. सुवर्णपत्रधारकांनी एक नंबरची लिफ्ट वापरावी. सर्वसाधारणांनी दोन नंबरची. निरीक्षणाधीन रहिवासी अशक्त असल्याने त्यांना लिफ्टमधल्या गर्दीत संसर्ग होण्याची शक्यता लक्षात घेता त्यांच्याच हितासाठी त्यांनी जिना चढावा. आठव्या मजल्यावरचे एक आजोबा अशा रीतीने हितासाठी दिवसातून दोनदा एकशे साठ पायऱ्या चढू लागले.

प्रत्येकाचा रिपोर्ट खिशात मावेल एवढा छोटा करून प्लास्टिकमध्ये घालून देण्यात आला. रिपोर्टाच्या तळाशी 'या आकड्यांचा अर्थ आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा' अशी एक ओळ होती. ती प्लास्टिकच्या मापात बसत नव्हती, म्हणून समितीने ती एकमताने कापली.

माझे दिवस पालटले. मी एक नंबरच्या लिफ्टमध्ये शिरलो की लोक बाहेर पडून जागा करून देत. आया शाळेला निघालेल्या पोरांना माझ्या पाया पडायला लावत. एकदा दुपारी सुकेतुभाई आजूबाजूला बघत घरी आले आणि दार लोटून घेऊन म्हणाले,

"ठाकोरभाई, खरं सांगा. घेता काय तुम्ही?"

"विशेष काही नाही. लोचो, वरून जास्तीचं तेल. दुपारी झोप. संध्याकाळी टीव्ही."

"आणि चालणं?"

"चालणं बंद करा आधी. सैनिक दमतात."

हे शेवटचं मी तिथल्या तिथे रचलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चालणं सोडलं.

घरात मात्र मला कोणी मान देत नव्हतं. मधुकांताची नजर माझ्या कार्डावर नव्हती, माझ्या कुशीवर होती.

"अहो, पाच दिवस झाले, वाकडे चालताय. जेवणही निम्म्यावर आलंय. नर्गिसबेनना दाखवून येऊ."

"डॉक्टर काय करील? गोळ्या देईल. आकडा उतरेल."

"आकडा गेला खड्ड्यात. तुम्ही उतरलात ते दिसत नाही का?"

मी दाखवायला गेलोही असतो. पण त्याच संध्याकाळी अभेद्य लॅबोरेटरीने शहरपातळीवर 'अभेद्य सोसायटी ढाल' जाहीर केली. ज्या सोसायटीची पांढऱ्या पेशींची सरासरी सर्वांत जास्त तिला ढाल, चांदणी पडव्याला संध्याकाळी पाच वाजता. आमच्याकडे शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळी सुरत फुटपाथवर चटया टाकून तुपाने थबथबलेली घारी नावाची मिठाई खाते. त्याच दिवशी ढाल मिळणार म्हटल्यावर समितीचं भान सुटलं. समोरच्या रस्त्यावरची सूर्यकिरण सोसायटी सरासरीत आपल्यापुढे आहे, अशी खात्रीलायक बातमी होती. तिथे म्हणे एका कुटुंबातले सहाच्या सहा जण न्यूमोनियाने आजारी होते. आमच्या समितीच्या मते हे उघडउघड गैरमार्गाने मिळवलेलं यश होतं.

पिनाकीनभाई नानखटाईचा डबा घेऊन घरी आले.

"ठाकोरभाई, आता तुम्ही एकटे ठाकोरभाई राहिलेला नाहीत. तुम्ही सोसायटीची सामायिक मालमत्ता आहात. पाण्याची टाकी असते तशी."

"टाकीला गळती लागलीय," मधुकांता आतून म्हणाली. "ताप आहे त्यांना."

"ताप असणारच, बेन. इंजिन चालू असलं की बॉनेट गरम होतं. गार बॉनेटची गाडी कुठे पोचते?"

माझा स्वतःचा ताप इतक्या सुंदर शब्दांत मी कधी ऐकला नव्हता. मी दोन नानखटाया खाल्ल्या आणि नंतर मोरीत जाऊन त्या उलटल्या.

गुरुवारी माझं दुसऱ्यांदा रक्त घेतलं. अठरा हजार सहाशे. पार्किंगमध्ये फटाक्यांची माळ लागली. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी अठ्ठ्याऐंशी टक्के होत्या, म्हणजे टक्केवारीही डिस्टिंक्शनची. लिम्फोसाइट नावाच्या दुसऱ्या पेशी मात्र आठ टक्क्यांवर आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे खाली तोंड केलेला बाण होता. एका सभासदाने त्याबद्दल विचारणा केली. समितीने ती 'तात्पुरती घसरण, घाबरून विकू नये' अशी नोंदवून घेतली.

शनिवारी मला अंथरुणावरून उठताना भिंत धरावी लागली. मधुकांताने मला दवाखान्यात नेण्यासाठी समितीकडे रीतसर अर्ज केला, कारण आता तसा नियम झाला होता. सुवर्णपत्रधारकाला स्पर्धेच्या काळात आवाराबाहेर नेण्यासाठी नमुना 'क', दोन प्रतींत. त्यावर अन्य कोणताही आक्षेप नसल्याबद्दल समितीचा शिक्का हवा आणि खाली स्वतः सुवर्णपत्रधारकाची सही. तिने पिनाकीनभाईंशी तासभर भांडून शिक्का आणला. कागद माझ्यापुढे धरला, पेन हातात दिलं.

मी सही केली नाही. मंगळवारपर्यंत थांब म्हणालो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा मला फक्त एवढंच वाटत होतं की मी गेलो तर पहिला नंबर कोकिळाबेनचा.

ती देवासमोर जाऊन बसली आणि बराच वेळ तिथून उठली नाही.

मंगळवारी, चांदणी पडव्याच्या दिवशी, दुपारी तीनला तिने नमुना 'क'चे तुकडे केले आणि नानपुऱ्याला फोन लावला. डॉक्टर नर्गिस भरूचा गेली तीस वर्षं आमच्या घराला सुया टोचत आल्या आहेत. वय चौऱ्याहत्तर. त्या तशाच रिक्षा करून आल्या, तर खाली लिफ्टपाशी त्यांना कार्ड विचारण्यात आलं. कार्ड नव्हतं. रक्ताची कोणतीच माहिती नसलेल्या व्यक्तीला नियमानुसार जिना होता. त्या सहा मजले चढून आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून पारशी शिव्या अगदी ताज्या, गरम येत होत्या, आणि त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दम खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्या पोटावर उजवीकडे खाली हात दाबला आणि एकदम सोडला. माझी किंकाळी पार्किंगपर्यंत गेली. पिनाकीनभाई धावत वर आले.

"किती दिवस दुखतंय?"

"आज बारावा," मधुकांता म्हणाली.

"मग याचं बारावंच उरकायला निघालात की काय सगळे?" डॉक्टरांनी कार्ड उलटंसुलटं केलं. "अठरा हजार सहाशे. आणि याला कोणी दवाखान्यात नेलं नाही?"

"डॉक्टरसाहेब, सोसायटीत सर्वोच्च आहे तो आकडा," पिनाकीनभाई नम्रपणे म्हणाले.

"डिकरा, तुझ्या घरासमोर एका सकाळी पोलिसांच्या वीस गाड्या उभ्या दिसल्या, तर तू काय समजशील?"

"बंदोबस्त चोख आहे."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"आत दरोडा पडलाय, असं समजतात शहाणी माणसं. या पांढऱ्या पेशी हौसेने जमलेल्या नाहीत. याच्या पोटात पू झालाय, त्याला आवरायला धावल्यात बिचाऱ्या. ती शिंकणारी बाई आहे ना तुमची, तिचा आकडा तिच्या शिंकांचा आहे. म्हातारीचा आकडा तिच्या सुजलेल्या सांध्यांचा. प्रतिकारशक्ती म्हणून असा एक आकडा नसतोच रे, की ज्याचा जास्त तो पैलवान. खाली गेला तरी विचारायचं का गेला, वर गेला तरी विचारायचं का गेला. आणि मधे असला तरी आधी माणूस बघायचा, मग कागद."

पिनाकीनभाईंनी हे सगळं मान डोलावत ऐकून घेतलं. मग घड्याळ बघितलं.

"आपलं म्हणणं समितीपुढे ठेवतो. फक्त पाच वाजता ढाल आहे. आत्ता एक शेवटचा नमुना घेतला आणि मग नेलं तर चालेल?"

डॉक्टर त्यांना काही बोलणार तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी पडल्या पडल्या बाही वर सरकवली होती आणि दंड पुढे केला होता.

"मधुकांता," त्या म्हणाल्या, "पोटाचं ऑपरेशन करतील ते लोक. डोक्याचं करणारा कोणी माझ्या ओळखीत नाही."

स्ट्रेचर एक नंबरच्या लिफ्टमध्ये मावलं नाही, म्हणून मला जिन्याने उतरवलं. खाली घारीच्या परातींच्या रांगेतून नेताना लॅबोरेटरीच्या माणसाने चालता चालता सुई टोचली. कोणीतरी गळ्यात हार घातला. अ‍ॅम्ब्युलन्सचं दार लागायच्या आत आकडा आला नव्हता, तो मला दोन दिवसांनी कळला. चोवीस हजार दोनशे. तापीतरंगने सूर्यकिरणवर अकरा पेशींनी मात केली.

आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, कधीचंच फुटलं होतं. शरीराने त्याच्या भोवती जमेल तशी बांधबंदिस्ती करून बारा दिवस तग धरला होता. सर्जन मधुकांताला म्हणाले की आणखी एक रात्र गेली असती तर त्यांना काही करता आलं नसतं. मी शुद्धीवर आल्यावर तिने मला हे सांगितलं आणि माझ्या अंगावरची चादर मुठीत धरून ती रडली.

"ढालीवर तुमचं नाव आहे असं वाटतं का तुम्हाला?" ती म्हणाली. "तापीतरंग लिहिलंय तिच्यावर. तुमचं नाव छापून आलं असतं ते पेपरातल्या बेसण्याच्या जाहिरातीत, फोटोखाली, 'अमुक ठिकाणी पाच ते सात शोकसभा' म्हणून. तेवढा एक पहिला नंबर राहिला होता."

मी तिचा हात धरला. चुकलो म्हणालो. मनापासून म्हणालो, यात शंका नसावी.

दहाव्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी सात हजार शंभर. बाण नाही. नर्गिसबेन कागद बघून प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, झालास बरा, जा घरी. त्याच दुपारी समितीचं पत्र आलं. 'शस्त्रक्रियेनंतर आपल्या आकड्यात सत्तर टक्क्यांहून अधिक घट झाल्याचं निदर्शनास आलं आहे. सदर घट आपण समितीस विश्वासात न घेता केली. आपलं सुवर्णपत्र रद्द करण्यात येत असून पुढील वर्षी ढाल राखताना सोसायटीचं जे नुकसान होईल त्यास आपणांस जबाबदार का धरू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. आपल्या प्रकृतीस शुभेच्छा.'

संध्याकाळी सुकेतुभाई घरी भेटायला आले. डावा गाल संत्र्याएवढा सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, बोलताना लाळ गळत होती. दाढेत काहीतरी झालं होतं. त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. नवंकोरं, सोनेरी. चेहरा जेवढा हसू शकत होता तेवढा हसत होता.

"दंतवैद्य?" मधुकांताने विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पिनाकीनभाईंनी पुढच्या नमुन्यापर्यंत थांबायला सांगितलं होतं.

माझ्या पोटावर सतरा टाके होते. काय बोलायचं ते मला माहीत होतं, सबंध सुरतेत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. या माणसाला आत्ताच्या आत्ता रिक्षात घालून दाताच्या डॉक्टरकडे पाठवायचं, एवढंच करायचं होतं. मी उशीवरून मान वर केली.

"किती?" मी विचारलं.

"बारा हजार नऊशे."

"माझे पहिल्याच खेपेला तेरा आठशे होते," मी म्हणालो.

मधुकांता उठली. तिने सुकेतुभाईंचा दंड धरला आणि त्यांना घेऊन ती दवाखाना शोधायला निघून गेली. माझ्याकडे तिने वळून बघितलं नाही.

तुम्हाला माझा राग आला असेल, हसूही आलं असेल. तुम्ही शिकलेली माणसं, अशा आकड्यांच्या मागे तुम्ही धावणार नाही. फक्त मगाशी मी सात हजार शंभर म्हणालो, तेव्हा तुमच्या कपाटातला मागच्या तपासणीचा कागद तुम्हाला क्षणभर आठवला. तुमचा आकडा मला सांगू नका. तो माझ्यापेक्षा जास्त होता की कमी, एवढंच तुम्ही बघितलंत.